पाय काढला की थांबणारी गाडी

आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नोकरीची सगळी वर्षं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांवर काढली. तिथला एक नियम ते घरातही पाळत. मशीननं काही वेडंवाकडं केलं की आधी माणूस बाजूला, मग मशीन बंद, मग चौकशी. मिक्सरमधून धूर आला तर ते आधी आईला ओट्यापासून लांब करत आणि मग बटण बंद करत. आई म्हणायची, "धूर तो काढतोय, मला कशाला ढकलताय?" पण नियम तो नियम. लहानपणी मला त्याची गंमत वाटायची. पुढे त्याच नियमाला मी इतकी घाबरले की अकरा दिवस घरात खोटं बोलले.

मी दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. उजव्या पायाला मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांचा आधार, असतो. डावा पाय चांगला आहे असं सगळे म्हणतात. तो उजव्यापेक्षा चांगला आहे, एवढंच त्याचं कौतुक. नव्वद-पंच्याण्णवच्या सुमारास मी हातानं फिरवायच्या तीनचाकी सायकलवरून कॉलेजला जायचे. नोकरी लागल्यावर मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर आली. नोकरी म्हणजे मुलींच्या शाळेत कारकुनी. शाळा गंगेच्या पलीकडे, रविवार कारंजाच्या अंगाला, आणि घर अलीकडे पंचवटीत, दिंडोरी रोडला. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. त्या स्कूटरनं माझे खांदे पार कामातून गेले. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, ही सोडा, नाहीतर हातही जातील. तेव्हा, दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी, आमच्या दारात विजेवर चालणारी छोटी गाडी आली.

गाडी कसली, डबी होती. दोन दारं, मागच्या सीटवर भाजी किंवा फार तर एखादं पोर. क्लच नाही, गिअर नाही, फक्त दोन पेडल, आणि तीही डावीकडे सरकवून घेतलेली. गल्लीत लोकांनी यथेच्छ चेष्टा केली. एक जण रोज विचारायचा, "रिमोट कुठं ठेवला?" त्यात तेव्हा भारनियमनाचा सुकाळ होता. वीज केंद्रात जन्म घालवलेल्या माणसाच्या घरी गाडी चार्ज करायला वीज नाही, याचा लोकांना कोण आनंद. नाना विजेच्या वेळा कागदावर लिहून कपाटाला चिकटवत आणि त्याप्रमाणे माझी गाडी जेवायला बसे.

मला या चेष्टेचं काही वाटत नव्हतं. पस्तिशीला आलेली बाई पहिल्यांदा कुणाला न विचारता घराबाहेर पडत होती. कुणी सोडायला नको, कुणी आणायला नको, कुणाची वाट बघत फाटकाशी उभं राहायला नको. गाडी देताना नानांनी एकच अट घातली होती. "हिनं एकदा जरी दगा दिला, तर आधी तू बाजूला." मी हसून हो म्हटलं. तेव्हा हसायला काय जात होतं?

गाडीची एक खोड मला फार आवडायची. वेगाच्या पेडलवरून पाय उचलला की ती आपोआप मंदावायची, मागून कुणी पदर धरावा तशी. ब्रेकला मी नुसतं शेवटी बोट लावल्यासारखं करायचे. मला वाटायचं, मी फार सफाईनं चालवते. शाळेतल्या बायकांना बसवून सांगायचे, "बघा, एकदाही धक्का बसला का?" गाडीबरोबर इंग्रजीत एक पुस्तक आलं होतं. त्यातलं चार्जिंगचं पान मी तोंडपाठ केलं आणि बाकीचं ठेवून दिलं. आपल्याला येतंय ते कशाला वाचा?

दुखणं होतं ते चढाचं. दर बुधवारी गंगेवर बाजार भरतो. पंचवटीतल्या मालेगाव स्टँडवरून खाली गंगेवर जाणारा उतार मी मजेत उतरायचे, पण परत येताना दोन पिशव्या भाजी आणि आई असली की गाडी अर्ध्यावर रडकुंडीला यायची. मागून रिक्षावाले भोंगे वाजवायचे. दोनदा लोकांनी ढकलून वर आणलं. एका उन्हाळ्यात, दोन कलिंगडं आणि आई घेऊन चढताना, सीटखालून जळका वास आला आणि गाडी बसली ती बसलीच. मोटार जळाली होती.

कंपनीकडे फोन केले. माणूस येईल म्हणाले, तो महिनाभर आला नाही. महिनाभर मी पुन्हा रिक्षात. रिक्षावाला माझ्या कॅलिपरकडे बघून "हळू मॅडम, हळू" करायचा आणि मला त्याच्या नरडीला धरावंसं वाटायचं. शेवटी नानांच्या ओळखीतून अंबडला, कारखान्यांच्या भागात, एक मोटार भरणारा सापडला. देवळ्याकडचा माणूस, जन्म शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी पुन्हा तांब्याच्या तारेनं भरण्यात गेलेला. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "ताई, मोटार जळायच्या आधी तक्रार काय व्हती?"

"चढाला मरते."

"आजून?"

"आणखी काही नाही," मी म्हटलं.

हे माझं उत्तर मला आजही टोचतं. त्या गाडीबद्दल सांगण्यासारखं सगळ्यात महत्त्वाचं जे होतं, ते मला तक्रार वाटतच नव्हतं, म्हणून मी सांगितलं नाही.

जुनी मोटार भरायच्या भानगडीत तो पडला नाही. एका कारखान्यातल्या माल ओढायच्या बॅटरीच्या गाडीची मोटार त्याच्याकडे पडून होती. "हिच्यापुढं ती जुनी म्हंजे शिळी भाकर," तो म्हणाला. जुन्या मोटारीचा कंट्रोलचा डबा हिला चालेना, म्हणून त्यानं दुसरा साधा डबा टाकला. आठ दिवसांनी नानांना शेजारी बसवून पाथर्डी फाट्याच्या पुढे चक्कर मारून आला. नाना उतरले ते खूश होऊन. "चढ आहे की सपाट, कळतच नाही," म्हणाले. मोटार भरणारा हात पुसत म्हणाला, "लय जोर आला ताई. आता मागं बघायचं नाय."

पहिली पाच मिनिटं मी खरंच हरखले. पायाखाली नुसती ताकद. मग पंचवटी कारंजावर लाल दिवा लागला. मी नेहमीसारखा पाय उचलला. गाडीला त्याचं काही सोयरसुतकच नव्हतं. ती तशीच धावत राहिली. अर्धं अंतर गेल्यावर माझ्या डोक्यात शिरलं की ही थांबत नाहीये, आणि मी ब्रेकवर पाय ठेवला. नेहमी बोट लावायचे त्या ब्रेकला आता सगळा पाय द्यायला लागला, आणि माझा सगळा पाय म्हणजे तरी किती? गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या बरीच पुढे जाऊन थांबली. एसटीचं तोंड माझ्या दाराशी होतं. ड्रायव्हरनं वरून बघितलं आणि मान हलवली. माझ्या पाठीवरून घामाची धार गेली ती मला अजून आठवते.

घरी आई म्हणाली, "कशी काय चालली?"

"एकदम मस्त."

खोटं इतक्या सहज आलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. पण दुसरं काय सांगणार होते? सांगितलं असतं तर नाना चिडले नसते, ओरडले नसते. शांतपणे किल्ली उचलून खिशात टाकली असती. आधी माणूस बाजूला. मशीनची चौकशी पुढे झाली असती, कदाचित होतच राहिली असती, आणि बाजूला काढलेला माणूस तिथेच राहिला असता. फाटकाशी. रिक्षाची वाट बघत.

म्हणून मी भीती लपवली. घराबाहेर पडताना आईकडे बघून हसायचे आणि कोपऱ्यावर वळले की गाडी बाजूला घेऊन दोन मिनिटं नुसती बसायचे. मी उतार टाळायला लागले. सायकलवाल्यांच्या मागे मागे राहायचे. शाळेजवळच्या गल्लीत पोरं रस्त्यात धावायची, तिथून जाताना मी ओठ चावायचे. एकदा एक कुत्रं आडवं आलं. ते वाचलं ते त्याच्या नशिबानं. रोज वाटायचं, आज संध्याकाळी सांगायचं. संध्याकाळी गाडी धड दारात उभी दिसली की वाटायचं, होईल सवय. गाडी पूर्वीपेक्षा चांगली पळत होती, चढत होती, लोक भोंगे वाजवत नव्हते. मग बिघाड माझ्यातच असणार, असंही मला वाटू लागलं. पाय थकला असेल. वय झालं असेल. हे वाटणं त्या गाडीपेक्षाही भीतिदायक होतं.

अकराव्या दिवशी दुसरा बुधवार आला; पहिला मी शाळेत काम आहे सांगून टाळला होता. आईनं यादी हातात दिली: मेथी, वांगी, लिंबं. "आता चढाची काळजी नाही ना," ती म्हणाली. नाही कशी म्हणणार?

शाळा सुटल्यावर मी मालेगाव स्टँडपाशी आले. उतार माणसांनी भरलेला. दोन्ही कडांना पोती अंथरून बायका बसलेल्या. मी अगदी हळू सुरुवात केली, पाय ब्रेकवरच ठेवून. निम्म्यावर आल्यावर पायाला कापरं भरलं. नुसतं दमून. मांडी थरथरायला लागली आणि पाय पेडलवर राहीना. तो सैल पडला तशी गाडी सुटली. मी सीटवरून अर्धी उठून पुन्हा ब्रेकवर भार टाकला, भोंगा दाबला, माणसं बाजूला उड्या मारताना दिसली. मग हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. मागची चाकं घसरली, गाडी तिरकी झाली आणि कडेच्या मेथीच्या पाटीवर चढून थांबली. वेताची पाटी मोडल्याचा आवाज मी ऐकला. काय मोडलं ते तेव्हा मला कळलं नाही. मला वाटलं, हाड.

लोक धावून आले. दोघातिघांनी शिव्या द्यायला सुरुवात केली, मग दारातून बाहेर आलेला माझा कॅलिपर त्यांना दिसला आणि शिव्या मध्येच थांबल्या. पायाकडे बघून शिव्या गिळणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत. त्या दिवशी तर त्यांनी मला दोन ठेवून द्यायला हव्या होत्या.

मेथीवाली उभी होती. साठीची असेल. ती ओरडली नाही, रडली नाही. चाकाखालच्या जागेकडे बोट करून म्हणाली, "माझा पाय हितं व्हता, बाई. आत्ता काढला मी. मुंग्या आल्या व्हत्या म्हनून काढला."

आणि तीच जागा ती बघत राहिली. मीही बघत राहिले. पाय गेलेली बाई कशी जगते हे त्या सगळ्या बाजारात माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मी अकरा दिवस माझं बाहेर जाणं वाचवत होते. त्यासाठी मी एका बाईला माझ्यासारखी करून ठेवणार होते. मला तिथेच, लोकांसमोर, उलटी झाली.

नानांना फोन केला. ते रिक्षानं आले. त्यांनी आधी मला बघितलं, मग मेथीवालीचे दोन्ही पाय वाकून बघितले, मग मोडकी पाटी. मी सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून. ते ऐकत राहिले आणि मग हात पुढे केला. मी किल्ली दिली.

"बाजूला हो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही अंबडला गेलो. मोटार भरणाऱ्यानं गाडी आदल्या संध्याकाळीच नेली होती. त्यानं नानांना बसवून पुन्हा चक्कर मारली, जागच्या जागी थांबवून दाखवली. "ब्रेक ठणठणीत हाय, नाना," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता, वाईट वाटूनच म्हणाला, "ताईचा पाय कमी पडतो, दुसरं काय."

नानांनी मान डोलावली. ती मान डोलावताना बघून मला कळलं, संपलं. मशीन निर्दोष सुटलं होतं. मी काही न बोलता रिक्षात जाऊन बसले असते तर सगळ्यांनाच सोपं गेलं असतं. पण मला राग आला. माझ्या रागानं मला आयुष्यात बऱ्याचदा तोंडघशी पाडलं आहे, त्या दिवशी तो कामाला आला.

"नाना," मी म्हटलं, "उजवा पाय मांडी घालून सीटवर घ्या. नुसत्या डाव्या पायानं, टाच न टेकवता चालवा. तेवढाच जोर लावा जेवढा माझ्याकडे आहे."

मोटार भरणारा हसला. नाना हसले नाहीत. ते बसले, उजवा पाय वर घेतला. शेडच्या मागे नाल्याकडे उतरत जाणारा रिकामा रस्ता होता. गाडी गेली. मी शेडच्या दारात उभी राहून बघत होते. मागचे लाल दिवे लागले, आणि लागलेलेच दिवे घेऊन गाडी पुढे पुढे जात राहिली. नाल्याच्या कठड्यापाशी ती कशीबशी थांबली. बराच वेळ तिथेच होती. आपण हे काय करायला लावलं, म्हणून मी देवाचं नाव घेत होते.

नाना परत आले ते उतरले नाहीत. तळहात पँटला पुसत बसून राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. तीस-पस्तीस वर्षं या माणसानं मला उचललं होतं, कॅलिपरचे पट्टे आवळले होते, दवाखान्यांच्या पायऱ्या चढल्या होत्या. पण माझ्याएवढ्या ताकदीनं काही दाबून बघायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"जुनी गाडी अशी नव्हती?" त्यांनी विचारलं.

"नाही. पाय काढला की थांबायची."

मोटार भरणाऱ्यानं कपाळाला हात लावला. मग त्यानं समजावून सांगितलं. जुनी मोटार पाय काढला की उलटं काम करायची, चाकांना मागे धरायची आणि त्यातून थोडी बॅटरी भरून घ्यायची. ही नवी नुसती ओढणारी. पाय काढला की ती मोकळी, आणि चाकं मोकळी. इतकी वर्षं माझा ब्रेक मी नव्हे, ती जळकी मोटार लावत होती.

"मी इचारलं व्हतं ताई, आजून काय म्हनून," तो म्हणाला. "आन् माझंबी चुकलं. आमच्याकडं जो येतो तो जोर मागतो. इहिरीतून पानी वर आलं पायजे. थांबायची मोटार आजवर कोनी मागितलीच नाय."

नानांनी त्याला जुनीच मोटार भरून बसवायला सांगितली, जुन्याच डब्यासकट, आणि ब्रेकच्या पेडलला चार बोटं जास्त लांब दांडी, म्हणजे कमी जोर पुरेल. मग ते माझ्याकडे वळले. "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला बाजूला केलं असतं."

"केलं असतं," म्हणाले. मग पुढे म्हणाले, "मला आत्ता फार भीती वाटली गं." नानांच्या तोंडून हे वाक्य मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी गाडी आली. पुन्हा पहिल्यासारखी मठ्ठ, चढाला रडणारी, मागून भोंगे खाणारी. पाय उचलला आणि तिनं मागून धरलं तेव्हा मी भर रस्त्यात रडले. भीती मात्र मोटारीबरोबर निघून गेली नाही. पुढचे कित्येक महिने पाय उचलताना मी श्वास रोखायचे, की ही आज धरेल ना? नाना शेजारी बसून येत. त्यांचाही श्वास मला ऐकू यायचा.

पहिल्याच बुधवारी मी मेथीवालीला नवी पाटी नेऊन दिली. ती घेईना, मग घेतली. पुढे आमची चांगली ओळख झाली. तिच्या नातवाच्या शाळेचे फॉर्म मीच भरून दिले. ती मला मेथीच्या जुडीवर कोथिंबिरीच्या दोन काड्या जास्त ठेवायची, आईची चौकशी करायची, "गाडी आता गरीब झाली" म्हणून हसायची. राग तिनं कधी धरला नाही.

पण त्या उतारावर माझी गाडी दिसली की ती पाय जवळ ओढून घ्यायची. बोलता बोलता, गिऱ्हाइकाला जुडी देता देता, हसता हसता. दोन्ही पाय लुगड्याखाली घ्यायची आणि वर हात ठेवायची. ती हे करते हे तिला स्वतःला माहीत नसावं. मी गाडी थांबवायचे, हँडब्रेक ओढायचे, आणि तिचे पाय पुन्हा बाहेर आलेले दिसेपर्यंत दार उघडायचे नाही.